घरचं कुणी खेळत नाही

सोपानतात्या वारले असते, तर त्यांच्यावर लिहिणं मला सोपं गेलं असतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपण हात जरा सैल सोडतो. पण तात्या ठणठणीत आहेत. आयटी पार्काशेजारच्या माण गावात आपल्या चार मजली इमारतीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ते आजही बसलेले असतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘जेवला का?’ म्हणून विचारत असतील. माणूस प्रेमळ आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझ्या हातून ते राहून जाईल. माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मी त्यांचा भाडेकरू होतो. लातूरहून आयटी पार्कातल्या नोकरीसाठी आलो आणि पाच वर्षं त्यांच्याच खोलीत राहिलो. त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. मी शेवटपर्यंत ‘लातूरकर’च होतो. वरच्या मजल्यावर ‘नांदेडकर’ होते, त्यांच्या शेजारी दोन ‘जळगावकर’. आख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा आपल्या जिन्यावरून चढतो-उतरतो, याचा तात्यांना अभिमान होता.

अंगानं उंच, पाठ किंचित वाकलेली, पांढरा लेंगा-शर्ट, डोक्यावर टोपी आणि पायांत धाकट्या मुलानं टाकून दिलेले धावायचे बूट. चालताना नजर जमिनीवर. शेती जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिथं त्यांची भातखाचरं होती तिथं काचेच्या इमारती उभ्या होत्या. तरी डांबरी रस्त्यावरसुद्धा तात्या बांधावरून चालल्यासारखे एकापुढं एक पाऊल टाकत चालायचे. कुठलंही अंतर पावलांनी मोजायचे. इंचीटेपवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. ‘मानसं एका वावरात पायजेत.’ भाताच्या लावणीला त्यांचं सगळं घर एका रांगेत चिखलात उभं राहायचं, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची आठवण. तात्या, काकी, थोरला विलास, धाकटा संतोष आणि सगळ्यांत लहान नंदा. जमीन गेली, पैसा आला आणि घर मजल्यामजल्यांवर पांगलं. दुसऱ्यावर विलास, तिसऱ्यावर संतोष, पहिल्यावर म्हातारा-म्हातारी. नंदाचं घोटावड्याला लग्न करून दिलेलं. दोन सुना एकमेकींना जिन्यात भेटल्या तर हसायच्या, तेवढंच. ‘लातूरकर, आमच्यात आता जेवायला बी कुनी एका येळी न्हाई,’ तात्या म्हणायचे. ‘परत्येकाचं ताट निराळं, परत्येकाचा टीव्ही निराळा.’

अशात त्यांना स्नूकर दिसला.

जवळच्या रिहे गावात त्यांच्या ओळखीच्या एकानं पुण्याच्या कुटुंबाला फार्महाऊससाठी जागा मिळवून दिली होती. तिथं रविवारी तात्या सहज गेले. मोठ्या खोलीत हिरव्या कापडाचं टेबल, भोवती सगळं कुटुंब. म्हातारा बाप, दोन मुलं, एक सून, एक नात. कुणी ओरडत नाही, कुणी फोनवर नाही, एक जण खेळतोय आणि बाकीचे काठ्या धरून आपल्या पाळीची वाट बघताहेत. म्हाताऱ्यानं थरथरत्या हातानं काळा चेंडू कोपऱ्यात घातला आणि दोन्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या.

‘बापासाठी,’ तात्या मला सांगत होते, ‘पोरं टाळ्या वाजवत व्हती. आयला, म्या तर घर बांधून दिलं चार मजली. मला न्हाई कुनी वाजवली.’

ते कुटुंब पुढं फार्महाऊस विकून निघालं तेव्हा टेबल तात्यांनी उचललं. घरी कुणाला विचारलं नाही. टेम्पो दारात आला तेव्हाच घराला कळलं.

टेबलासाठी त्यांनी तळमजल्यावरची एक खोली रिकामी ठेवली होती. पावलांनी मोजून. टेबल लांबीला आणि रुंदीला नेमकं बसत होतं, हे खरं. पण खेळणाऱ्या माणसालाही उभं राहायला जागा लागते, काठी मागं ओढायला हात लागतो, हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. टेबल आत बसलं आणि माणसं बाहेर राहिली. बसवायला आलेला मिस्त्री कपाळाला हात लावून पायरीवर बसला. तात्यांनी मिनिटभर विचार केला आणि शेजारच्या खोलीची भिंत पाडायला सांगितली. शेजारची खोली माझी होती. ‘लातूरकर, तुमी वर जावा. उजेड चांगला हाय वर,’ एवढ्यावर माझी बदली झाली.

मग लेव्हलचं प्रकरण. टेबलाच्या आत जाड दगडी फरशी असते, तीन तुकड्यांची, आणि ती अगदी सपाट बसावी लागते. मिस्त्रीनं आपल्या यंत्रानं ती बसवली. तात्यांनी काकींची परात मागवली, काठोकाठ पाणी भरलं आणि नुसत्या फरशीवर मधोमध ठेवून तिच्याभोवती उकिडवे फिरत राहिले. आयुष्यभर खाचरातलं पाणी सारखं पसरवण्यात गेलेला माणूस. ‘हितं उतरतंय,’ ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, ‘काका, मशीन झूठ नहीं बोलती.’ दोघांचं बरंच वाजलं. शेवटी मिस्त्रीनं पुन्हा तपासलं तर तात्या दाखवत होते त्याच कोपऱ्याच्या पायाचा स्क्रू एक फेरा कमी पिळलेला होता. त्या दिवशी तात्या जितके खूश दिसले, तितके पुन्हा एकदाच दिसले. त्याबद्दल पुढं सांगतो.

घराला खेळायला लावायची मोहीम मग सुरू झाली. ती बघून हसून हसून आमची पोटं दुखायची आणि नंतर वाईट वाटायचं. तात्या स्वतः कुठून तरी नियम शिकून आले होते. आधी लाल चेंडू, तो गेला की एक रंगीत, रंगीत पुन्हा जागेवर ठेवायचा, मग परत लाल. हे ते प्रत्येकाला जिन्यात गाठून समजावून सांगायचे. विलास मान डोलवत फोनवर बोलत पुढं जायचा. संतोष म्हणायचा, ‘तात्या, त्यापेक्षा जिम टाकली आसती तर भाडं तरी आलं आसतं.’ थोरल्या सुनेनं पाठदुखी सांगितली. धाकटीनं एक दिवस खेळून बघितलं, पण सासऱ्यासमोर टेबलावर वाकायचं कसं, म्हणून पदर सांभाळता सांभाळता पांढरा चेंडूच तिनं खाली पाडला. परत आली नाही. काकींचं मत सरळ होतं. ‘एवढी सपाट जागा, वर पंखा, आन त्यावर गोट्या खेळायच्या?’ त्यांनी एका सकाळी जुन्या धोतरावर कुरडया घालून त्या टेबलावर सुकत ठेवल्या. तात्यांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

मग त्यांनी फर्मान काढलं. रविवारी प्रत्येकानं एक तरी फटका मारल्याशिवाय मटणाचं पातेलं उघडायचं नाही. त्या रविवारी सगळं घर लस टोचून घ्यायला आल्यासारखं रांगेत उभं राहिलं. एकेकानं काठी घेतली, चेंडूला लावली, पुढच्याला दिली आणि पाच मिनिटांत सगळे वर जेवायला गेले. तात्या टेबलापाशी एकटेच राहिले. पांगलेले चेंडू त्यांनी त्रिकोणात गोळा केले, पुन्हा नीट रचले आणि मगच वर गेले.

या खेळातली एक गोष्ट त्यांच्या मनात फार खोल उतरली होती. आपल्या हातून चूक झाली, कपडा चेंडूला लागला, तर ती दुसऱ्यानं पकडायच्या आत आपण आपल्या तोंडानं सांगायची. ‘कुनी बघितलं न्हाई तरी,’ तात्या बोट उभारून सांगायचे. ‘हिच्यामुळं हा खेळ सभ्य मानसांचा हाय.’ एकदा विलासनं एका बिल्डरच्या माणसाला घरी आणलं होतं. रस्त्यालगतच्या उरलेल्या जमिनीचं बोलणं चाललं होतं. तो माणूस हौसेनं खेळायला उभा राहिला. वाकताना त्याची बाही गुलाबी चेंडूला लागली, चेंडू बोटभर सरकला आणि त्यानं काही झालंच नाही असा पुढचा फटका मारला. तात्या थांबले. ‘बोला,’ ते म्हणाले. ‘काय बोलू?’ तो हसला. ‘काय झालं त्ये बोला.’ विलासनं खाणाखुणा केल्या. तात्यांनी आपली काठी भिंतीला लावून ठेवली आणि चहा न घेता बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. विलास त्या दिवशी बापावर जिन्यात असा काही ओरडला की वरपासून खालपर्यंत सगळ्या भाडेकरूंनी दारं लावून घेतली. मला मात्र म्हाताऱ्याचा त्या दिवशी फार आदर वाटला. तो आदर अजूनही पूर्ण जात नाही, हीच अडचण आहे.

आता नंदाताईबद्दल.

नंदाताईचा नवरा घोटावड्याकडच्या एका कारखान्यात होता, त्याला गुरुवारी सुट्टी. नवरा घरी मुलीजवळ थांबायचा आणि ही दर गुरुवारी बसनं माणला आईबापाला भेटायला यायची. पिशवीत कधी शेवग्याच्या शेंगा, कधी घरच्या तांदळाचं पीठ. पहिल्या गुरुवारी तिनं टेबल बघितलं आणि विचारलं, ‘तात्या, ह्ये कसं खेळायचं?’ या घरात तो प्रश्न आपण होऊन विचारणारी ती एकटी. तात्यांनी दाखवलं. तिनं पदर खोचला, हनुवटी काठीला टेकेपर्यंत वाकली आणि तिसऱ्याच फटक्याला लाल चेंडू मधल्या भोकात घातला. कडेचा चेंडू कसा घासून न्यायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दोन-तीन महिन्यांत ती तात्यांना हरवायला लागली. माझी गुरुवारी घरून काम करायची पाळी असायची, तेव्हा दुपारी खालून चेंडूंचा टक् टक् आवाज यायचा आणि मध्येच तिचं हसणं. मी चहाला खाली उतरलो की मलाही एक डाव मिळायचा. हरायचोच.

आणि त्याच संध्याकाळी, नंदाताईची बस गेली की, तात्या खुर्चीवर बसून मला म्हणायचे, ‘काय उपेग, लातूरकर. एवढं आनलं टेबल. घरचं कुनी खेळत न्हाई.’

पहिल्यांदा मला वाटलं, ते गमतीनं म्हणताहेत. मी म्हणालो, ‘अहो, नंदाताई खेळते की. तुम्हाला हरवते.’

‘ती काय, आज हाय, उद्या तिच्या घरी. म्या घरच्यांचं म्हनतोय.’

यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, हेच मला सहन होईना. ज्यासाठी त्यांनी भिंत पाडली, मटण अडवलं, बायकोशी अबोला धरला, ते त्यांना दर गुरुवारी मिळत होतं. मिळत होतं ते त्यांच्या मोजमापात बसत नव्हतं, म्हणून ते दुःखी होते. मी दोन-तीनदा सांगून बघितलं. शेवटी सोडून दिलं. भाडेकरूनं किती बोलावं यालाही मर्यादा असते, अशी मी माझी समजूत घातली.

एका गुरुवारी मी काठीच्या टोकाला खडू घासत उभा होतो तेव्हा नंदाताईनं विचारलं. सरळ विचारायचं धाडस नसेल, म्हणून चेंडूवर नजर ठेवूनच विचारलं. ‘तात्या, ह्यांच्या कंपनीत मानसं कमी करत्यात. रस्त्याकडंची ती कोपऱ्यातली जागा हाय ना, जिथं आपली आंब्याची आळी व्हती... तितं दोन खोल्या टाकल्या आमी, तर? एक राहायला, एक दुकानाला.’

तात्या म्हणाले, ‘बघू.’

तिनं फटका मारला. चेंडू गेला नाही. ‘तुमचा डाव,’ ती म्हणाली.

बघू म्हणाले ते तेवढंच राहिलं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी विलास आणि संतोषनं उरलेली जमीन त्या बिल्डरला द्यायचं नक्की केलं. कागद स्वच्छ हवे होते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही वाटा असतो, म्हणून तिचं हक्कसोडपत्र हवं होतं. आमच्या भागात आणि त्यांच्याही भागात हे नवीन नाही. बहिणीला बोलवायचं, जेवायला घालायचं, साडी द्यायची, ओटी भरायची आणि भावांच्या नावानं सही घ्यायची. जिनं सही केली ती शहाणी. जिनं विचारलं तिचं माहेर तुटलं.

तो रविवार होता. मला विलास बोलवायला आला. ‘वळख पटवायला दोन मानसं लागत्यात. भाऊबंद नको, त्यांच्यात फाटे फुटत्यात. तुमी बाहेरचं, तुमी बरं.’ मी खाली गेलो. इतके कागद पसरायला घरात दुसरी मोठी जागा नव्हती, म्हणून ते स्नूकरच्या टेबलावर पसरले होते. हिरव्या कापडावर शिक्क्याची शाई, फोटो, गोंदाची बाटली. आणि टेबलाभोवती सगळं घर. विलास, संतोष, दोन्ही सुना, नातवंडं, काकी. कुणाच्या हातात फोन नव्हता. तात्या ज्या चित्रासाठी दोन वर्षं जिवाचं रान करत होते, ते असं पूर्ण झालं होतं.

नंदाताई नव्या साडीची घडी छातीशी धरून उभी होती. विलास सांगत होता, ‘नुसती सही गं. उद्या पौडला जाऊन नोंदवून आलं का झालं. तुझं माहेर कुटं जातंय का?’

काकी म्हणाल्या, ‘म्या बी दिली भावाला. तुज्या आत्यानं बी दिली ह्यांना. बाईच्या जातीला काय करायची जमीन?’

नंदाताईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती बापाकडं वळली. ‘तात्या, तुमी सांगा. करू सही?’

तात्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. त्यांना ती कोपऱ्यातली जागा आठवत होती. मी त्यांच्याकडंच बघत होतो, मला दिसत होतं की आठवत होती.

‘भाव काय परकं हायेत का?’ ते म्हणाले.

तिनं सही केली. तिचं अक्षर चांगलं आहे, शाळेतल्या मुलीसारखं गोल. तिच्याखाली, ओळखणाऱ्याच्या जागी, मी केली. मला नको म्हणता आलं असतं. खोली सोडावी लागली असती, एवढंच झालं असतं. आयटी पार्काभोवती खोल्यांना तोटा नव्हता. मी केली.

कागद गोळा झाले आणि विलासचा जीव भांड्यात पडला. इतका की त्यानं भिंतीवरची काठी उचलली. ‘तात्या, चला, आज हून जाऊ द्या एक डाव! समदे खेळा रे!’ संतोषनं चेंडू रचले. धाकट्या सुनेनं पदर खोचला. नातवंडं टेबलाच्या भोकांपाशी चेंडू झेलायला बसली. काकीसुद्धा एक फटका मारून तोंडावर हात ठेवून हसल्या. तात्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी लांबून निळा चेंडू कोपऱ्यात घातला आणि सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तात्यांचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हतं.

‘नंदे, तू बी मार की,’ संतोष म्हणाला.

‘माजी बस हाय,’ ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. साडी तिनं नेली. विसरली असती तरी चाललं असतं, पण नेली.

तो खेळ घरात जेमतेम दोन रविवार टिकला. मग विलास बिल्डरच्या मागं लागला, संतोषनं गाडी घेतली. गुरुवार मात्र लगेच बंद झाला. दुसऱ्या दिवशी पौडला ती आली, अंगठे, फोटो सगळं केलं आणि तिथूनच घोटावड्याला गेली. त्यानंतर माणला आली नाही. भांडण नाही, निरोप नाही, फोन केला तर नीट बोलायची. फक्त येत नव्हती. तात्या गुरुवारी दुपारी खुर्ची बसथांब्याच्या दिशेला वळवून बसायला लागले. मला विचारायचे, ‘आज बशी कमी हायेत का?’ मी हो म्हणायचो.

पुढं मी खोली बदलली. लवळ्याकडं राहायला गेलो. शेवटचं मी तात्यांना बघितलं ते घोटावड्यात, मागच्या उन्हाळ्यात. गुरुवारच होता. मी मोटारसायकलवरून चाललो होतो आणि नंदाताईच्या घरासमोर, लिंबाच्या सावलीत, तात्यांची जुनी जीप दिसली. तात्या आत चालकाच्या जागेवर बसलेले. मी थांबलो.

‘कधी आलात?’

‘झाला आसंल तास.’

घराचं दार सताड उघडं होतं. आत नंदाताई फिरताना दिसत होती. तिनं त्यांना बघितलं नव्हतं असं होणं शक्य नव्हतं.

‘आत जा ना, तात्या.’

‘ती या म्हनंना. आन मला पाय उचलंना.’ स्टिअरिंगवर त्यांचे दोन्ही हात होते. ‘काय बोलू आत जाऊन?’

मला राग आवरला नाही. ‘चूक झाली म्हणा,’ मी म्हणालो. ‘दोनच शब्द आहेत. तुम्ही म्हणा, हवं तर मीही म्हणतो. माझीही सही आहे त्याच्यावर.’

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता उतरतील. त्यांनी दाराच्या कडीला हातही लावला.

‘चूक कशी म्हनू, लातूरकर?’ ते म्हणाले. ‘समद्यांनी आसंच केलंय की.’

त्यांनी किल्ली फिरवली, जीप मागं घेतली आणि पिरंगुटच्या रस्त्याला लावली. आवाज ऐकून नंदाताई दारात आली. तिच्या हातात चहाचे दोन कप होते.

‘गेलं?’ तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा तिथंच उंबऱ्यात उभ्यानं पिऊन टाकला.